दाताचा मालक

उत्तरेश्वरच्या शेतातल्या नव्या विहिरीचं काम एका दातावर अडलं. दोन काळ्या खडकांच्या मधे हिरवट मातीचा पट्टा लागला आणि त्यातून बोटाच्या पेराएवढा, काळा, चकाकणारा दात निघाला. खणणाऱ्यांचा मुकादम बलभीम पहार ठेवून वर आला. विहिरीत दात सापडला, तर ज्याचा असेल त्याला नैवेद्य दाखवायचा आणि मगच पुढं खणायचं, अशी त्यांची रीत होती.

"राक्षसाचा असंल तर बोकड. पूर्वजाचा असंल तर खीर," बलभीम म्हणाला. "कुणाचा ते ठरवा. चुकीचा निवद म्या न्हाय दाखवायचा."

दात शिवशरण गुरुजींकडे आला. निजामी गेल्यावर परंड्याच्या शाळेत मागं राहिलेलं काचेचं कपाट गुरुजींनी गारगोट्यांनी भरलं होतं. मधला खण रिकामा का ठेवला, हे त्यांनाही आजवर ठाऊक नव्हतं. दात पाहिला आणि कळलं.

"ओळखला तर मला द्याल?"

"न्या की. मला पाणी पाहिजे, दात घिऊन काय करू?" उत्तरेश्वर म्हणाला.

गुरुजींनी म्हशीचं तोंड पाहिलं, कुत्र्याचं पाहिलं. जुळेना. मग त्या हिरवट मातीत त्यांना शिंपले दिसले, आणि जन्मात मासळीला न शिवलेले गुरुजी बाजारात हरणाबाईच्या पाटीपुढं उकिडवे बसले.

"मरळ देऊ का?"

"नको. नुसतं तिचं तोंड उघडून दाखवा. दात बघायचेत."

"सोयरीक जमवताय व्हय, गुरुजी?"

मरळीचे दात बारीक होते, पण निमुळतेपणा तोच, टोकाचा बाकही तोच. गुरुजी उठले ते तरंगतच. भर उन्हात कडुलिंबांच्या शेंड्यांवरून पाणी पसरलेलं त्यांना दिसत होतं, आणि किल्ल्याच्या बुरुजामागून एक मासा सावकाश वळत होता.

"मासा आहे," त्यांनी विहिरीवर सांगितलं. "माणूस नव्हता तेव्हाचा. इथं तळं होतं."

"केवढा?" उत्तरेश्वरच्या आईनं, धुरपदाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी तंद्रीतच दोन्ही हात पसरले. तेवढे पुरेनात, म्हणून थोडे बाजूला सरकले.

धुरपदाबाईंनी परातभर कणीक मळली. माशाला कणकेच्या गोळ्या टाकायच्या त्या पाण्यात. विहीर तर कोरडी. मग बैलगाडीतून सीना नदीचं पाणी आणून ओतलं. तळाशी डबकं झालं, गोळ्या पडल्या.

"आता दात," बलभीम म्हणाला.

गुरुजींनी मूठ आवळली. "तो मला द्यायचा ठरलाय."

"मालक कळल्यावर त्याची वस्तू कशी ठिवायची? खाली म्या उतरायचंय, तुमी न्हाय."

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. "बोललो व्हतो, गुरुजी. पर तुमी दगड म्हणला असता, तर दगडच व्हता की."

गुरुजींनी काठावर येऊन मूठ उघडली. डबक्यात वर्तुळं उठली. ती विरली तरी ते वाकून पाहतच राहिले. बलभीमनं उतरायला दोर धरला, एक पाय दोरावर टेकवला.

"काय दिसतंय?" धुरपदाबाईंनी हळूच विचारलं.

"शेपटी," गुरुजी म्हणाले.

बलभीमनं दोरावरचा पाय पुन्हा काठावर घेतला.