मॅकफेल साहेबाचा पायगुण

नदीम परकारला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: यंदा रजा मिळणार. त्याने खोलीतल्या तुकारामला छातीठोकपणे सांगूनही टाकलं, की माझ्या निकाहाची बिर्याणी तू इथे रियाधमध्ये बसून फोनवर बघ. तुकाराम प्लंबर, साताऱ्याकडचा. नळ आणि माणूस कधी गळेल सांगता येत नाही, असं त्याचं मत होतं.

नदीम दाभोळचा इलेक्ट्रिशियन. निकाह ठरला होता रमजानच्या आधी, मुलगी उझमा, खेडची. अडचण एवढीच की रजेच्या अर्जावर मॅकफेल साहेब सही करत नव्हता. साहेब स्कॉटलंडचा, कामाला चोख, पण गेलं वर्ष त्याला फार वाईट गेलं होतं. गुडघा दुखावला, मॅडमची मांजर पळाली, आणि मायदेशी बदलीचा अर्ज सहाव्यांदा परत आला. या सगळ्याचं खापर साहेबाने ब्रायनवर फोडलं होतं. ब्रायन म्हणजे कंपाउंडचा, कंपनीच्या वसाहतीचा, सेफ्टी ऑफिसर, गाजराच्या हलव्यासारख्या केसांचा. गेल्या एक जानेवारीला तो शिडी मागायला साहेबाच्या घरात शिरला होता.

साहेबाच्या मुलुखात अशी रीत आहे की नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर पुढचं वर्ष ठरतं. माणूस उंच हवा, केस काळेभोर हवेत. लाल केसांचा आला तर बारा महिने वाटोळं. येणाऱ्याने कोळसा, पाव, मीठ आणि एक बाटली आणायची. आपल्याकडे यालाच पायगुण म्हणतात, आणि तो नव्या सुनेच्या गळ्यात बांधतात. तिकडे पुरुषांवरही जबाबदारी टाकतात, हे नदीमला न्यायाचं वाटलं.

साहेबाने सगळ्या कामगारांवरून नजर फिरवून नदीमला निवडलं. नदीम सहा फूट, डोक्यापासून पायापर्यंत काळा. साहेब म्हणाला केस काळे पुरेत, बाकी तुझी मर्जी. याच रंगापायी नदीमची तीन स्थळं मोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तो काळा म्हणून हवा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला भरून आलं. काम नीट केलंस तर रजेचं बघू, असंही साहेब म्हणाला. साहेबाची एकच ताकीद होती. आत येऊन कोळसा ठेवेपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही.

एक जानेवारीला रियाधमध्ये सुट्टी नसते, म्हणून कार्यक्रम सकाळी कामावर जाण्याआधी ठरला. नदीमने बत्ह्याच्या बाजारातून पाव आणला, मीठ आणलं. बाटलीबाबत या देशाचे कायदे कडक, तेव्हा सरबताची आणली. राहिला कोळसा. साहेबाने कोळसा म्हटलं होतं, पण थंड कोळसा कुणाच्या घरी नेणं नदीमला कंजुषपणाचं वाटलं. त्याची आई हफीजा नव्या घरात शिरताना निखाऱ्यावर लोबान टाकते. त्यानेही धुपाटण्यात चांगले लालभडक निखारे घेतले आणि वर मूठभर लोबान टाकला.

दार उघडलं. साहेब चौकड्यांचा किल्ट, म्हणजे तिकडचा पुरुषांचा घागरा, नेसून, टाय लावून उभा. मागे मॅडम. नदीम उंबऱ्याबाहेर थांबला. कुणी या म्हटल्याशिवाय परक्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे हफीजाने त्याला लहानपणी पाठ शेकून शिकवलं होतं. साहेब काही बोलेना, कारण रीत. नदीम काही बोलेना, कारण ताकीद. दोघंही एकमेकांकडे बघून अदबीने हसत राहिले. साहेबाने मान डोलावली, नदीमनेही डोलावली. मधल्या वेळात लोबानचा धूर मात्र कुणाच्या बोलावण्याची वाट न बघता आत गेला.

दिवाणखान्यातला स्मोक अलार्म गेल्याच महिन्यात नदीमने स्वतः बसवला होता, आणि नदीमचं काम पक्कं असतं. तो असा बोंबलला की गेटवरचा पहारेकरी जागा झाला. अलार्म झाला की घर रिकामं करायचं, हा कंपाउंडचा नियम. साहेब आणि मॅडम बाहेर हिरवळीवर आले. नदीमने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

आता घर रिकामं होतं, दार सताड उघडं होतं, आणि नव्या वर्षाचं पहिलं पाऊल अजून पडायचं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून ब्रायन आला. हातात आग विझवायचा लाल सिलिंडर, डोक्यावर लाल केस, वेग असा की आता थेट आतच घुसणार.

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. पण कोळसा अजून ठेवला गेला नव्हता, त्यामुळे तो ओरडूही शकेना. तोंड घट्ट मिटून दोन्ही हात नुसते हलवत राहिला.

नदीमच्या डोळ्यांसमोर आधी हफीजा आली, मग उझमा आली. त्याने मनातल्या मनात आईची माफी मागितली, कोपराने ब्रायनला बाजूला सारलं आणि आत उडी घेतली. ब्रायन बोगनवेलीच्या कुंडीत बसला. बोगनवेलीला काटे असतात.

आत कोळसा ठेवायला गेला, तर साहेबाची शेकोटी विजेची निघाली. नदीमने निखारे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ठेवले, पाव, मीठ आणि सरबत टेबलावर मांडलं, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने अलार्म बंद केला आणि रिकाम्या घराला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. साहेबाने आत येऊन त्याला मिठी मारली. डोळे पुसत म्हणाला, रजा पक्की, रविवारी इथला आठवडा सुरू झाला की सही करतो.

पायगुण खोटा नव्हता. शनिवारी हेड ऑफिसचा फोन आला: साहेबाची मायदेशी बदली मंजूर, ताबडतोब निघा. साहेब रात्रीच्याच विमानाने गेला. सोबत मॅडम गेली, आणि तीन महिने बेपत्ता राहून आदल्याच दिवशी परत आलेली मांजरही गेली. टेबलावरचे अर्ज तिथेच राहिले.

रविवारी त्या खुर्चीवर, नवा माणूस येईपर्यंत, ब्रायन बसला होता. बसला म्हणजे एका कुशीवर. त्याने अर्ज वाचला, जपून दुसऱ्या कुशीवर वळला आणि ईदनंतर बघू म्हणाला.

नदीमने उझमाला फोन लावून सगळं सांगितलं. कोळसा, लोबान, किल्ट, काहीही न लपवता.

"म्हणजे साहेबाच्या घरात तुम्ही कुणी न बोलावता उडी मारून शिरलात," ती म्हणाली, "आणि इथे अख्खं गाव या म्हणतंय, तर तुम्हाला येता येत नाही."