परबांच्या रानातल्या दोन सह्या

सोमवार, सकाळी साडेदहा. अंधेरीचं ऑफिस, दुसरा मजला. हजर: साहेब, मुख्य वैमानिक कॅप्टन, मी, आणि दहा मिनिटं उशिरा, काखेत वजनकाटा घेऊन, सदानंद परब.

बसण्याआधी परबांनी माझी फाइल उचलून काट्यावर ठेवली. "दोन किलो तीनशे. मॅडम, ही विमानात चढवू नका. जमिनीवरच बरी."

सगळे हसले. मी विषयपत्रिका वाटली.

आमची विमान कंपनी छोटी, विमानं तीन. कोणत्या विमानात कुठे किती वजन बसवायचं, याचा तक्ता परब करतात. इतकी वर्षं केल्यामुळे ते माणसाकडे नुसतं बघून किलो सांगतात. माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणाले, "बहात्तर, हारासकट." कोणी लांबण लावली की, "आधी वजन सांगा, मगे बोला."

कंपनी कार्बन न्यूट्रल करायची, असं साहेबांनी जाहीर केलं त्याच दिवशी मी बावीस कामांची यादी केली. आधी जमेल तेवढं इंधन वाचवायचं. मग उरलेल्या धुराच्या बदल्यात, तोडलं जाणारं एखादं जंगल दरवर्षी पैसे देऊन उभं ठेवायचं. हे काम माझं होतं. साहेबांनी ते परबांना दिलं, कारण जंगल सिंधुदुर्गात, परबांच्या गावी शोधायचं ठरलं. मला परबांचा हेवा वाटतो. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको.

परबांनी विमानांतून जुनी मासिकं, जादा ट्रे, अर्ध्या भरलेल्या बाटल्या काढल्या. कॅप्टनचा डबासुद्धा तोलला. "एक किलो चारशे! आत फणस आहे काय?" इंधन वाचलं, टाळ्या वाजल्या. माझ्या यादीत हे काम चौथ्या क्रमांकावर होतं.

गावच्या देवराईचा सुंदर फोटो आणला होता मी. परबांनी तो बाजूला ठेवला. "मॅडम, देवराईत कोण काडी उचलणार नाही. तिला देव आहे राखायला. जे तसंही उभंच राहणार, ते आपण राखलं असं कसं म्हणायचं? शेजारचं आमच्या भावकीचं रान बघा. तिथे लाकडाचा ठेकेदार फिरतोय." साहेबांनी मान डोलावली. खरं म्हणजे कार्बनच्या हिशोबात हा नियमच आहे, आणि त्याचा कागद मीच साहेबांना दिला होता.

त्या रानाच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं. तीस वर्षं झाड तोडणार नाही, या करारावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक जरी राहिली तर करार नाही, आणि दिवाळीनंतर ठेकेदार करवती घेऊन हजर. मी सत्तावीस जणांना रजिस्टर पत्रं पाठवली, आडनाव एकच म्हणून नावाच्या आद्याक्षराप्रमाणे. एकही सही आली नाही.

"मॅडम, धाकट्या घराक थोरल्याआधी कागद?" परबांनी कपाळावर हात मारला. "वाट लागली ना! आमच्यात मानाप्रमाणे जातं. थोरल्याची सही झाल्याशिवाय धाकटा पेनाचं टोपण काढणार नाही."

ते गावी गेले, प्रत्येक घरी जेवले, आणि पंचवीस सह्या घेऊन आले. वर माझ्यासाठी कोकमं. मला कोकमांचाही राग आला.

म्हणून त्या सोमवारी मी मुद्दाम विचारलं, "परब, सव्वीस आणि सत्तावीस रिकामे का?"

"होतील."

"कोण आहेत ते?" यादी माझ्याकडे होती, तरी विचारलं.

"सव्वीस मी. सत्तावीस आमचा विलास. धाकटा भाऊ."

त्यांच्यासाठी गावी जायलाही नको होतं. विलास इथेच मुंबईत, चारकोपला राहतो. मग अडलंय कुठे? परबांनी कशाचंही वजन न सांगता काटा परत काखेत मारला. चुकीवर बोट ठेवल्याचा आनंद मला साधारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरला.

रविवारी मीच त्यांना रिक्षात घालून चारकोपला नेलं. सोसायटीच्या गेटशी परब थांबले. वॉचमन म्हणाला, "साहेब, आज पण वर नाही जाणार ना?"

"आज पण म्हणजे?" मी विचारलं.

"दर रविवारी येतात. उभे राहतात, जातात."

परब चप्पल घासत म्हणाले, "विलासने आमच्या वाट्याची झाडं विकली होती एकदा. त्याच्या पोरीच्या आजारपणात. मी सगळ्या भावकीसमोर म्हटलं, तू माझा भाऊ नाहीस. माझी सही झाली की त्याच्याकडे जावंच लागणार. आता कुठल्या तोंडाने म्हणू, भाऊ म्हणून सही कर?"

माझ्या यादीत विलासचा फोन नंबर होता. मी चार पावलं लांब जाऊन फोन लावला, करार सांगितला, सही मागितली.

"दादाच्या आधी मी कशी करू?" पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "आज निळा शर्ट घातलाय ना त्याने? दर रविवारी दिसतो मला खिडकीतून. बायको चहा टाकते दोन कप जास्त. सांगा त्याला, लिफ्ट चालू आहे."

मी सांगितलं. परबांनी वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं, शर्टाची बटणं चाचपली, फाइल माझ्याकडून घेतली आणि परत माझ्याच हातात दिली. "ही नको. आधी नुसताच जातो."

इतक्या वर्षांच्या अबोल्यातही कुणीतरी आपल्यासाठी दर रविवारी चहा टाकत असतं, याचाही मला हेवा वाटला. मी गेटबाहेर रिक्षात बसून राहिले. परब दीड तासाने आले. डोळे लाल होते आणि मिशीला चिवडा लागलेला होता.

"सही?" मी विचारलं.

"अरे देवा," परब म्हणाले. "विषयच निघाला नाही."

ओळ सव्वीस, ओळ सत्तावीस: बाकी.