बेरिलचा ठोका

"पुन्हा एकदा जरी मला पावसात उतरून तो पंप ठोकायला लागला ना क्लिफर्ड, तर गाडी विकायची," बेरिल म्हणाली आणि ओला कोट खुर्चीवर टाकून तिनं चहाची किटली चढवली.

आवाज चढलेला नव्हता, हीच खरी भीतीची गोष्ट होती. बेरिल चिडली की भांडी आपटायची आणि तासाभरात सगळं निवायचं. शांतपणे बोलली की मात्र ते होऊनच राहायचं. अशाच शांतपणे तिनं एकदा क्लिफर्डचं पाइप ओढणं बंद केलं होतं.

गाडी म्हणजे क्लिफर्डची हिरवी, बासष्ट सालची, लग्नाच्याही आधीची. तिच्या डिकीत एका फळीमागे पेट्रोलचा पंप होता, जुन्या पद्धतीचा, पॉइंटचा. किल्ली फिरवली की आत धातूच्या दोन बारीक टिकल्या, म्हणजेच पॉइंट, चिकटत, सुटत आणि टिकटिक करत पेट्रोल पुढे जाई. कधीकधी त्या टिकल्या जळून रुसायच्या. टिकटिक थांबायची आणि मागोमाग गाडीही. मग एकानं उतरून डिकी उघडायची, पंपाला बुटाच्या टाचेचा ठोका द्यायचा, आणि दुसऱ्यानं किल्ली फिरवून कान देऊन बसायचं. कान देऊन बसणं हे कौशल्याचं काम असल्यामुळे ते पहिल्यापासून क्लिफर्डकडे होतं.

यावर उपाय होता आणि तो क्लिफर्डला चांगला ठाऊक होता. इलेक्ट्रॉनिक पंप. दिसायला तसाच, टिकटिकही तशीच, पण आत पॉइंट नाहीत, म्हणजे रुसवेफुगवेही नाहीत. अडचण होती ती जुन्या गाड्यांच्या क्लबची. तिथे आयव्हर ट्रान्टर नावाचा लाल गाडीवाला इलेक्ट्रॉनिक पंपाचे गोडवे गात असे आणि क्लिफर्ड पॉइंटची बाजू लढवत असे. मागच्याच महिन्यात पबमध्ये त्यानं सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटला होता. "माझ्या गाडीत ते इलेक्ट्रॉनिक डबडं सापडलं ना, तर मी बिअर सोडून इथे बसून वर्षभर लेमोनेड पिईन!"

तरीही एका दुपारी, बेरिल चर्चमध्ये फुलं सजवायला गेलेली असताना, त्यानं गॅरेजचं दार आतून लावलं आणि टपालानं मागवलेलं डबडं बसवलं. कुणी काय म्हणेल ते म्हणो, गाडी विकायची नव्हती.

"पॉइंट घासून चकचकीत केलेत," त्यानं बेरिलला सांगितलं.

"बघू," बेरिल म्हणाली.

पुढच्या रविवारी क्लबची समुद्रकाठच्या व्हिटबी गावाची सहल होती आणि रविवार असल्यामुळे पाऊसही होता. हिरवी गाडी माळरानाच्या चढावर एकदाही थांबली नाही. क्लिफर्ड शीळ घालत होता. चहाच्या थांब्यावर मात्र आयव्हर कप घेऊन जवळ आला.

"काय रे, आज एकदाही बूट निघाला नाही?"

"पॉइंट साफ केलेत."

"एवढे साफ? या पावसात? बघू तरी, उघड डिकी."

"डिकीत सामान आहे."

"कसलं सामान? सँडविच तर बेरिलच्या मांडीवर आहेत."

आसपासची चार डोकी वळली. क्लिफर्डची मोठी पंचाईत झाली. क्लबात अब्रू राखायची तर गाडी एकदा तरी बंद पडायला हवी होती, आणि बंद पडली तर घरी गाडीच राहणार नव्हती. "उशीर होतोय," असं पुटपुटत तो गाडीत जाऊन बसला.

पुढच्या चढावर खरंच एक गाडी थांबली. पण ती लाल होती.

अरुंद रस्ता अडला. मागे क्लबच्या गाड्यांची रांग लागली, दोन्ही बाजूंनी मेंढ्या बघायला आल्या. आयव्हर काच वर करून आत बसून राहिला. क्लिफर्ड धावतच गेला, कारण असं सुख रोज मिळत नाही.

"टिकटिक नाहीये, आयव्हर!"

"माझा इलेक्ट्रॉनिक आहे. तो अडकत नाही. दुसरं काहीतरी झालंय, मी ओढून न्यायला गाडी बोलावतो."

तेवढ्यात बेरिल छत्रीशिवायच तरातरा आली. तिनं क्षणभर कान दिला, लाल गाडीची डिकी उघडली आणि पायातला बूट काढला. "आयव्हर, किल्ली फिरव!"

"नको बेरिल, त्याचा काही उपयोग..."

ठक्. टिकटिक टिकटिक टिकटिक.

रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हॉर्नही दिला. आयव्हर गाडीच्या रंगाचा झाला. "बॅटरी बदलताना तारा उलट्या जोडल्या मी," तो हळूच म्हणाला. "इलेक्ट्रॉनिक जळून गेला. मग जुनाच घातला. क्लबात सांगू नका."

क्लिफर्डला हवा असलेला क्षण पुढ्यात येऊन उभा होता, पण तोंड उघडायची सोय नव्हती. आणि बेरिलकडे बघून तर त्याला धडकीच भरली. ती पावसात उतरली होती, पंप ठोकून झाला होता.

"बेरिल, ते गाडी विकायचं..."

"तो आपला पंप कुठे होता?" बेरिल म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. चाळीस वर्षांत तिच्या ठोक्याला कुणी टाळी दिली नव्हती. क्लिफर्ड फक्त "बरं, बस आत" म्हणायचा.

आयव्हरनं घसा खाकरला. "बेरिल, पुढे अजून चढ आहेत. व्हिटबीपर्यंत माझ्या गाडीत येशील का?"

"हीटर चालतो तुझा?"

"मस्त चालतो."

बेरिल सँडविचचा डबा आणि थर्मास घेऊन लाल गाडीत जाऊन बसली.

क्लिफर्ड मागून एकटाच निघाला. गाडी झकास चालली होती. पुढे दर चढावर लाल गाडी थांबे, बेरिल उतरे, ठोका देई, आणि आयव्हर खिडकीतून मुंडी काढून ओरडे, "वा बेरिल! हात आहे की काय आहे!" मग ती हसत आत बसे. क्लिफर्डनं असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणावंसं वाटलं तर शेजारी कुणी नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. कशी का असेना, गाडी वाचली होती, पण ती चालवत बसण्यात काही राम उरला नव्हता.

एका वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली. डिकीशी जाऊन काहीतरी केलं, मागच्या गाड्यांना हातानं पुढे जायला सांगितलं आणि किल्ली फिरवून कान देऊन बसला.

थोड्या वेळानं पुढे लाल गाडी थांबली आणि पावसातून बेरिलचे बूट वाजत आले.

"बंद पडली," क्लिफर्ड म्हणाला.

"पाऊस पडतोय, क्लिफर्ड."

"माहितीये."

"मी उतरून आलेय. म्हणजे गाडी विकायची."

"विकू," क्लिफर्ड म्हणाला. "पण तू इकडे बस."

बेरिलनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती मागे गेली. डिकी उघडल्याचा आवाज आला.

"हा पंप नवा आहे."

"हो."

"आयव्हर ज्याचं गाणं गातो, तो?"

"हो."

"आणि याची तार सुटलीये. हातानं ओढल्याशिवाय सुटत नाही ही."

तिनं तार परत जोडली. टिकटिक सुरू झाली. त्यानंतर, काही गरज नसताना, एक जोरदार ठोका ऐकू आला.

"वा बेरिल," क्लिफर्ड म्हणाला. सवय नसल्यामुळे ते जरा खरखरीत निघालं.

बेरिल ओलीचिंब आत येऊन बसली. तिनं दार लावलं, केस पुसले आणि समोर बघितलं. "विकायचं राहू दे. तार सुटली, त्यात पंपाचा काय दोष?"

"आणि आयव्हर?"

"कुठे ठोकायचं ते दाखवलंय त्याला. शिकेल." तिनं पुढे थांबलेल्या लाल गाडीकडे बोट केलं. "पण सँडविच तिकडे राहिलीत. उतर, घेऊन ये."

बाहेर धो धो कोसळत होतं. क्लिफर्ड कोट न घालताच उतरला.