सातव्या पोलादाचा रुसवा आणि काडीताईंची प्रबंधफत्ते

मातोश्रींचा हुकूम जाहला की, आमची पोर सात वर्षे घरातून वही घेऊन जात होती आणि वही घेऊन येत होती, ती करीत काय होती हे शेजारच्या काकूंस एकदाचे समजेल ऐसे सविस्तर लिहावे, काही लपवू नये, काही वाढवू नये. त्यावरून हे वर्तमान लिहिण्यास घेतले. लपविले काहीच नाही. वाढविण्याविषयी म्हणाल, तर ज्या मुलखाची ही हकिकत आहे तेथे दंडसुद्धा वाढविल्याशिवाय कोणी घरी जात नाही, तेव्हां लेखणीस तेवढी मुभा असावी.

हकिकत ऐशी जे, श्रीमती काडीताई, समाजशास्त्र खात्याकडील संशोधक, विद्येत भारी आणि वजनात हलक्या, घरच्यांनी लहानपणी अंगकाठी पाहून ठेविलेले हे नाव तिशीतही जसेच्या तसे शोभत होते, यांनी स्पर्धात्मक शरीरसौष्ठव आणि ओळख या विषयावर प्रबंध लिहिण्याचा पण केला. तेव्हां तमाम आप्तमंडळीत हशा उसळला, आणि मावशीसाहेबांनी भर पंगतीत शेरा दिला की, वारा सुटला तर ही दाराची कडी धरते, ही काय त्या पहाडांवर लिहिणार! परंतु काडीताई हट्टास पेटल्या. मग विद्यापीठाने सात वर्षांची मुदत बांधून दिली आणि ताकीद केली की, अखेरच्या शुक्रवारी सायंकाळी पाचाचे आत प्रबंधाच्या पाच प्रती सहाव्या मजल्यावरील दफ्तरात दाखल व्हाव्या, न जाहल्यास नाव कमी होईल आणि केले ते सगळे पाण्यात जाईल. काडीताईंनी वाचून सही केली, कारण सात वर्षे म्हणजे त्या समयी फार लांबची गोष्ट वाटत होती.

मोहिमेचा मुलूख म्हणजे फर्निचरच्या दुकानाखालील तळघरातली व्यायामशाळा. तेथे तीन भिंतींस आरसे आणि चौथी भिंत निकालाची. किल्लेदार खासे उस्ताद, एके काळचे अजिंक्य, हल्ली डावा गुडघा इतराजी करून बसलेला. त्यांच्या गडाचा जुना शिरस्ता असा की, चौथ्या भिंतीवर कागद लागला म्हणजे निकाल लागला. मग ज्याने त्याने आपली जागा शोधावी, वर असेल त्याने उकडलेली अंडी वाटावी, खाली असेल त्याने मुकाट्याने वजने उचलावी आणि कोणी तक्रार करू नये. काडीताई त्या गडावर एका स्पंज बाहेर आलेल्या बाकावर वही घेऊन बसल्या, त्या दोन वर्षे बसूनच राहिल्या. कोणी वीर बोलेना. ज्यांनी हजार लोकांपुढे लंगोटाएवढ्या चड्डीवर उभे राहावे, त्यांस एका वहीपुढे लाज वाटे, हे पाहून काडीताईंनी ते पहिल्या प्रकरणात लिहून घेतले.

अखेर प्रथम बोलता जाहला तो बगळावीर. हा पेशाने शिंपी, छातीने भरदार, परंतु दिवसभर मशीनवर बसोन बसोन पोटऱ्या काही केल्या भरेनात, म्हणोन हे नाव पडले. त्यास कोणीही काही विचारले तरी तो सांगे, तैसे काडीताईंसही सांगितले. त्यामागून एकेक करीत बारा वीर बोलले, आणि सर्वांचा मुकुटमणी जो पोलादवीर, चार वर्षे लागोपाठ पहिला, पेशाने लिफ्ट दुरुस्त करणारा, तो बारांत सातवा बोलला. परंतु बोलला ते ऐसे की काडीताईंच्या हातून पेन खाली पडले. तो म्हणाला, "लिफ्टमध्ये मी समोर उभा असतो तरी लोक वरच्या आकड्याकडे बघत असतात. स्टेजवर आकडा माझ्या कमरेला असतो आणि लोक माझ्याकडे बघतात. एवढंच आहे बघ, ताई." या तीन वाक्यांवर चौथे प्रकरण उभे राहिले आणि चौथ्या प्रकरणावर सगळा प्रबंध.

आता विद्यापीठाच्या नीतिसमितीचे फर्मान असे की, बोलणाऱ्यांची खरी नावे छापू नयेत, ज्या क्रमाने मुलाखती जाहल्या त्या क्रमाने एक ते बारा ऐसे आकडे द्यावे, आणि ज्याने त्याने आपले बोलणे वाचून संमतीपत्रावर दस्तुरखुद्द सही करावी. त्याप्रमाणे गुरुवारी सकाळी, मुदत एक दिवसावर आली असता, तीनशे बारा पानांच्या पाच प्रती बांधून तयार आणि आता फक्त सह्या तेवढ्या उरल्या ऐशा हर्षात काडीताई यादी आणि संमतीपत्रे घेऊन गडावर दाखल जाहल्या. उस्तादांनी यादी हाती घेतली, आणि हातात कागद आला म्हणजे काय करायचे हे त्यांस तीस वर्षे ठाऊक असल्याने, चौथ्या भिंतीवर चिकटविली.

मग जे जाहले ते काय सांगावे! बारा वीर भिंतीस भिडले. बगळावीराने आपली ओळ सर्वांवर पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले, कारण आयुष्यात तो चौथ्याच्या वर कधी गेला नव्हता. त्याने तत्काळ सासूबाईंस फोन लाविला आणि जी होती नव्हती ती अंडी वाटून टाकिली. बाकीच्यांनीही आपापली जागा पाहून उसासे टाकिले, आणि शिरस्ता तो शिरस्ता म्हणोन मुकाट्याने सह्या केल्या. पोलादवीराने वरून खाली वाचीत वाचीत सातव्या ओळीवर बोट ठेविले. हातातले डंबेल, जे तो नेहमी दणकन आपटीत असे, ते अगदी हळू खाली ठेविले. त्या हळू ठेवण्याने अकराही माना त्याजकडे वळल्या.

"सातवा?" तो म्हणाला. "काढून टाक माझं, ताई. सगळंच काढून टाक."

आणि पिशवी उचलोन चालता जाहला. काडीताईंनी दोन घटका उरलेल्यांस समजाविले की, ही केवळ बोलण्याची ओळ आहे, यात वर-खाली काही नाही. वीरांनी माना डोलाविल्या आणि पुन्हा भिंतीकडे पाहून उसासे टाकिले. मग मसलत केली की पोलादास वर घ्यावे, तर बगळावीराने साफ सांगितले की, "आता मी खाली उतरत नाही. सासूबाईंना कळवलंय." मग मार्गदर्शकबाईंकडे, ज्यांच्या लाल शाईने सात वर्षे काडीताईंचा थरकाप केला होता, फोन गेला, आणि तेथून हुकूम आला की, चौथे प्रकरण काढाल तर मी सही करणार नाही, आणि त्याची सही नसता ते प्रकरण ठेवाल तरी मी सही करणार नाही. इकडे आड तिकडे विहीर ऐसा प्रसंग जाहला. काडीताई व्यायामशाळेच्या पायरीवर बसोन रडल्या, हेही लपवीत नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या पोलादवीराच्या शोधार्थ निघाल्या आणि तीन इमारती धुंडाळून चौथ्या इमारतीत तो सापडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली, आणि पोलादवीर तिच्या छतावर उकिडवा बसोन पान्याने काही पिळीत होता. काडीताई उघड्या दारापाशी गुडघे टेकून म्हणाल्या, "दादा, तो निकाल नाही हो. स्पर्धेत कमरेला बिल्ला लावतात ना, जो आधी आला त्याला आधीचा, तसा तो बिल्ला आहे. तुम्ही माझ्याशी बोलायला तीन वर्षं लावलीत, म्हणून सातवा."

पान्याचा आवाज थांबला. मग वरून प्रश्न आला, "तू लावलायस कधी बिल्ला?"

"मी? नाही."

"मग तुला काय माहीत तो काय असतो ते. सात वर्षं तू आमच्याकडे बघितलंस, ताई. तुझ्याकडे कोणी बघितलं? दोन वाजता ये. बिल्ला लाव, सगळ्यांसमोर उभी राहा. मग सहीचं बघू."

काडीताईंस तेथून पळ काढावासा वाटला, परंतु पाचाचा ठोका डोळ्यांपुढे होता. दोन वाजता उस्तादांनी पुठ्ठ्यावर तेराचा आकडा लिहोन त्यांच्या कमरेस टाचणीने लाविला आणि खड्या आवाजात पुकारा केला. काडीताई आरशांपुढच्या फळीवर चढल्या, बाह्या दुमडल्या, आणि समोरून दोन्ही दंड दाखविले. दंड लेखणीहून किंचित जाड होते. त्यांनी डोळे मिटोन घेतले आणि हशाची वाट पाहिली. हशा आला नाही. आवाज आला तो बगळावीराचा, "हस, ताई, हस! दात दिसू दे!" आणि मागोमाग अकरा कंठांतून कल्लोळ उठला, पोट आत, खांदे मागे, श्वास सोडू नको! पोलादवीर पुढे आला, दोन बोटांनी त्यांचे कोपर वर उचलले आणि म्हणाला, "लाजायचं नाही. आहे ते दाखवायचं."

काडीताईंनी डोळे उघडले. बारा माणसे त्यांजकडे निरखोन पाहत होती, आणि कमरेच्या आकड्याकडे एकही पाहत नव्हता. लहानपणापासून लोकांनी त्यांजकडे पाहिले ते काडी म्हणण्यापुरते, मग नजर फिरविली. ऐसे थांबून, मन लावून कोणी पाहिले नव्हते. त्यांस फार आनंद जाहला, आणि आपले चौथे प्रकरण त्यांस त्या क्षणी प्रथम समजले.

मग उस्तादांनी पोटऱ्यांचा हुकूम सोडला. काडीताईंनी पाठ फिरवोन विजार गुडघ्यापर्यंत ओढली आणि टाचा उचलल्या, तो सगळ्या माना पुढे झुकल्या. बगळावीर गुडघ्यांवर बसला. त्याने उजवी पोटरी पाहिली, डावी पाहिली, आणि रडवेल्या सुरात म्हणाला, "ह्या कुठून आणल्यास?"

"विद्यापीठातून," काडीताई म्हणाल्या. "दफ्तर सहाव्या मजल्यावर आहे. लिफ्ट सात वर्षं बंद आहे."

पोलादवीराने हे ऐकोन मान खाली घातली, जणू ती लिफ्ट त्याच्याच हयगयीने बंद होती. मग संमतीपत्र मागवून सही ठोकली, आणि भिंतीवरील यादीखाली आपल्या हाताने तेरावी ओळ लिहिली, वहीवाली ताई. काडीताईंनी तीच ओळ पाचही प्रतींत शाईने चढविली. तेव्हां तीन वाजून वीस मिनिटे जाहली होती.

मग कूच जाहले. उस्तादांच्या व्हॅनमध्ये पाच प्रती आणि काडीताई, मागे दुचाक्यांवर बारा वीरांची फौज. वाटेत मार्गदर्शकबाईंच्या दारी थांबोन सह्या घेतल्या. बाईंनी गर्दी पाहून लाल पेन बाजूस ठेविले आणि निळे काढले. चार वाजून पस्तीस मिनिटांनी सेना विद्यापीठाच्या जिन्यापाशी पोहोचली. पोलादवीराने लिफ्टची पेटी उघडून पाहिली आणि खिन्न होऊन सांगितले की मोटार जळालेली आहे. मग वीरांनी प्रती वाटोन घेतल्या आणि गर्जना करीत जिना धरिला.

परंतु येथेच घात जाहला. स्पर्धा रविवारी होती, आणि स्पर्धेआधी या लोकांनी मीठ सोडलेले, भात सोडलेला, पाणीसुद्धा घोटाघोटाने. अशा दिवसांत शरीर आरशात सर्वांत देखणे दिसते आणि आत त्राण म्हणून राहत नाही. पहिल्या मजल्यावर चार वीर बसले. दुसऱ्यावर बगळा बसला. तिसऱ्यावर उस्तादांच्या गुडघ्याने बंड केले. चौथ्यावर पाचही प्रती एकट्या पोलादवीराच्या हाती आल्या आणि तोही कठडा धरोन पायरीवर टेकला.

"दिसतं तेवढं नसतं गं, ताई," तो सुकल्या ओठांनी म्हणाला. "पळ तू."

काडीताईंनी पाचही ग्रंथ छातीशी कवटाळले आणि त्या निघाल्या. मागे वळोन पाहिले नाही. दोन मजले, बेचाळीस पायऱ्या, आणि कमरेस तेराचा बिल्ला फडफडतो आहे, आणि खालून बगळावीर उरल्यासुरल्या दमाने ओरडतो आहे की, टाचा उचल, टाचा! चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी पाच प्रती कारकुनांच्या मेजावर ठेविल्या. कारकुनांनी चहाचा कप सरकविला, बिल्ल्याकडे पाहिले, नोंदवहीत ओळ लिहिली, शिक्का मारिला आणि पोच हाती दिली. पोचेवर त्या दिवसाचा अनुक्रम होता. काडीताईंनी तो वाचला आणि तेथेच हसू लागल्या.

चौथ्या मजल्यावर पोलादवीर तैसाच बसला होता. त्याने विचारले, "कितवी आलीस?"

"सातवी."

मग पोलादवीर हसू लागला, मीठपाणी सोडलेला माणूस जितके हसू शकतो तितके, आणि डोळे पुसोन म्हणाला, "काळजी करू नकोस. बिल्ला आहे तो. निकाल नाही."

येणेप्रमाणे सातव्या वर्षाच्या अखेरच्या शुक्रवारी, मुदतीस आठ मिनिटे बाकी असता, प्रबंध दाखल जाहला आणि मोहीम फत्ते जाहली. पोचेची नक्कल उस्तादांनी चौथ्या भिंतीवर लाविली, म्हणजे निकालही लागला. काडीताईंनी घरी येऊन, बिल्ला न काढता, मातोश्रींस सांगितले की, आई, झालं, सातवी नोंद माझी. मातोश्रींनी त्यांस पोटाशी धरिले, पुष्कळ रडल्या, मग पदराने नाक पुसोन विचारते जाहल्या की, "आणि पहिली कोण आली गं?" हाच प्रश्न भिंतीपलीकडून काकूंनीही विचारिला, म्हणोन हे इतके लिहावे लागले. काकूंनी वाचोन खातरजमा करावी.