झेंडूत शिरलेला तारपा

गोजराबाईंनी साऱ्या मखमलाबादला सांगून ठेवलं होतं, "विलायतेला जाणाऱ्या कॅसेटवर फोटो माझाच! कंपनी कोणाची? माझी!"

कंपनी म्हणजे फुलं साठवायची खोली. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या रंगनाथनं चांगली नोकरी सोडून तिथं भिंतींना गाद्या ठोकल्या आणि 'झेंडू कॅसेट्स' थाटली. गोंधळी, वासुदेव, पावरीवाले, दिसेल त्याला टेपवर उतरवायचा. नाशकात कुत्रं विचारेना. पण तारप्यासाठी फ्रान्सचा एक साहेब कॅमेरा गळ्यात घालून थेट दारात!

सुरगाण्याहून बुधा तारपा घेऊन आला. फुंकून वाजवायचं हे एवढं धूड! दुधीभोपळ्याला शिंग फुटावं तसं. रंगनाथनं बटण दाबलं. बुधानं तारपा मांडीवर आडवा ठेवला.

"वाजवा की बाबा!"

"नाचायला कोण हाय? नाचणाऱ्यांबिगर तारपा वाजत नाय."

रंगनाथनं आईकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस मेल्या? मालकीण नाचते होय? कुसाबाईला बोलव. तिला कुठं कामं असतात!"

कुसाबाई म्हणजे धाकटी जाऊ. ती फुलं तोडणाऱ्या बायकांना घेऊनच आली. एकमेकींच्या कमरेत हात गुंफले, बुधानं गाल फुगवले आणि खोली अशी घुमली की गाद्यांतला कापूस जागा झाला! पण तारपावाला जाईल तिकडं रांग जाणार, ही रीत. खोलीत वळायला जागा कुठं? बुधा वाजवत वाजवत दाराबाहेर! मागं कुसाबाई, तिच्यामागं बायका, त्यांच्यामागं माईकची वायर सोडत रंगनाथ. आणि समोर ऐन दसऱ्याचा झेंडू!

"अगं भवान्यांनो, माझी फुलं!"

गोजराबाई चप्पल उगारून धावल्या. बुधाला अडवायला पुढं जाव्यात, तर बुधा वळे, रांग वळे, आणि बाई पुन्हा शेपटाला! साहेब आनंदानं खटाखट फोटो काढत सुटला.

दिवाळीनंतर विलायतेहून कॅसेट आली. बघायला गल्ली लोटली. फोटोच्या मधोमध कुसाबाई, नवरीसारखी लाजलेली! गोजराबाईंनी चष्मा पुसून फोटो उलटासुलटा केला. कडेला फक्त एक हात होता, चपलेसकट.

"जाऊबाई, हा हात हो कुणाचा?" कुसाबाईनं गोड आवाजात विचारलं.

"कंपनीच्या मालकिणीचा!" गोजराबाई म्हणाल्या. "माणसं नाचवायची म्हणजे चप्पल कुणीतरी धरावीच लागते!"

आणि पदर सावरून घाईघाईनं चहा टाकायला आत गेल्या.