कै. दादासाहेबांच्या स्मारकाबाबत खुलासा

गावाला एक तरी थोर पुरुष असावा आणि तो हयात नसावा. हयात थोर पुरुषाचा फार ताप होतो. तो ऐनवेळी बोलायला उठतो, पुढची खुर्ची मागतो. चुडावा स्टेशनपासून अडीच कोसांवरच्या आमच्या गावाला पंचाहत्तर सालापर्यंत असा एकही पुरुष नव्हता. पिंगळीला निदान रेल्वे थांबते. देवगावला तर नुसता फाटा आहे, पण त्याचंही नाव एसटीच्या पाटीवर येतं. आमच्याकडे सांगण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

ही उणीव ज्या तरुण नटाने मरून भरून काढली, त्याच्या स्मारकाबद्दल अलीकडे काही लोक नको ते बोलायलेत. म्हणून समितीचा चिटणीस या नात्याने हा खुलासा.

सदर नट गावाबाहेरच्या वस्तीत जन्मला. (जन्म कुठे घ्यावा हे माणसाच्या हातात नसतं, हे समितीने मोठ्या मनाने समजून घेतलं.) वस्तीतली माणसं छप्पन सालानंतर बौद्ध झाली आणि त्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तेव्हापासून ती गावाला स्वतः ओढावी लागतात. पण हा त्याग गावाने कधी बोलून दाखवला नाही. नटाचा बाप आश्रुबा लवकर गेला. आई पंचफुला रोजाने कामाला जायची. पोरगा मॅट्रिक झाला, मुंबईला गेला, चार वर्षं काय करत होता देव जाणे, आणि चौऱ्याहत्तर साली एकदम सिनेमात दिसला.

भूमिका दादासाहेब पाटील यांची. पाटलाचा धाकटा मुलगा, डोक्याला गुलाबी फेटा, बसायला पांढरा घोडा. मध्यंतराच्या जरा आधी दरोडेखोरांच्या गोळीने मरतो. मरताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून लांबलचक बोलतो.

जत्रेत तंबूचा सिनेमा आला. आमच्याकडे पडद्याच्या पुढे पुरुष बसतात आणि मागे बायका. (बायकांना सगळे नट डावखुरे दिसतात. त्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.) घोडा पडद्यावर आला मात्र, आमचे सिताराम पाटील जागेवर उठून उभे राहिले.

"घोड्यावर कोण हाय ते?"

कुणीतरी सांगितलं. आता, आमच्या गावात घोड्यावर कुणी बसावं आणि कोणत्या गल्लीतून जावं याची जुनी शिस्त आहे. वस्तीतल्या नवरदेवाची वरातही पायी निघते. पडद्याला ही शिस्त लागू आहे की नाही, याचा निर्णय पूर्वी कधी झालेला नव्हता. तंबूतच बैठक बसली आणि फार समतोल तोडगा निघाला. सिनेमा चालू द्यायचा, फक्त घोडा आला की मशीनवाल्याने भिंगापुढे हात धरायचा. जत्रा संपेपर्यंत त्याने इमानदारीने हात धरला. घोडा दिसत नव्हता, नुसत्या टापा वाजायच्या. लोकांनी तिकीट काढून अंधार बघितला, पण शिस्त मोडली नाही. याला म्हणतात गाव!

पुढच्या वर्षी तो नट मुंबईत काविळीने वारला. वय चोवीस.

त्यानंतरच्या जत्रेत तोच तंबू, तोच सिनेमा. या वेळी मशीनवाल्याने हात काढला, कारण मेलेल्या माणसाने घोड्यावर बसायला आमच्या गावाची हरकत नाही. काय सांगावं! लोकांनी पडद्यावर चिल्लर उधळली, नारळ फोडले. पडद्यामागे बायका हमसून हमसून रडल्या. सिताराम पाटलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काय बसलाय गडी! आपल्याच रक्ताचा वाटायलाय." तिथल्या तिथे स्मारक समिती झाली. कापड दुकानदार शिवाप्पा शेटजी अध्यक्ष, मी चिटणीस.

सिमेंटचा अर्धपुतळा करायचा ठरलं. कारागिराने फोटो मागितला. फोटो वस्तीत, आईकडे. तो आणायला जायचं म्हणजे तिच्या घरी बसावं लागणार, चहा पुढे येणार, आणि मग तो प्यायचा की नाही असा नाजूक प्रश्न उभा राहणार. ते टाळण्यासाठी पाटलांच्या पुतण्याला फेटा बांधून कारागिरापुढे बसवलं. चेहरा किंचित वेगळा आला, फेटा मात्र हुबेहूब.

खाली दगडावर 'कै. दादासाहेब पाटील' असं कोरायचं ठरलं. यावरच पुढे बोभाटा झाला, म्हणून कारणं देतो. लोक त्यांना दादासाहेब म्हणूनच ओळखत होते, रडले ते दादासाहेबांसाठीच. पाळण्यातलं नाव होतं, नाही असं नाही, पण गावाने ते कधी वापरलेलं नव्हतं. गावात त्याला सगळे 'ए' म्हणत, आणि 'ए' दगडावर शोभत नाही.

पंचफुलाबाई शिवाप्पांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो.

"शेटजी, पुतळ्याचं तोंड माज्या पोराचं न्हाई," ती म्हणाली. "जाऊ द्या. पर नाव तरी त्याचं घाला. दुसरं काई मागायला आले न्हाई मी."

"अगं बाई, पाटील म्हणून मान द्यायलोत त्याला," शिवाप्पा समजुतीने म्हणाले. "आनंद मानायचा सोडून वाद काय घालतीस?"

"मान घ्या तुमचा तुमाला. माज्या पोटचा हाय तो."

"पोटचा तुझा असंल. पडद्यावरचा आमचा हाय!"

इतकं स्पष्ट सांगूनही ती हलेना. मुलाचं नाव तिने पुन्हापुन्हा सांगितलं. मी ते टिपून घेतलं नाही, कारण ते ठरावात नव्हतं. शिवाय साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यावं यावरून त्या पावसाळ्यात मराठवाड्यात वस्त्या पेटल्या होत्या. (आमच्याकडे फक्त चार घरं जळाली. वारा चांगला होता.) अशा दिवसांत नाव या विषयाला हात घालणं समितीला जबाबदारपणाचं वाटलं नाही.

अनावरणाला आईचा सत्कार हवा, हे तर उघडच आहे. पण आई कुणाची? पुतळा दादासाहेबांचा, तेव्हा आईही दादासाहेबांचीच हवी. सिनेमात त्यांच्या आईचं काम केलेल्या बाईंना मुंबईहून बोलावलं. पॅसेंजरने चुडाव्याला उतरल्या, बैलगाडीतून वाजतगाजत आल्या, लुगडं-नारळ घेतला, पुतळ्याच्या गळ्यात हार घातला आणि अशा काही रडल्या म्हणता! पदर ढळला नाही, कुंकू फिसकटलं नाही. खऱ्या आईला असं रडता येत नाही, हे समितीचं प्रामाणिक मत आहे.

मग हेडमास्तरांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली. सगळा गाव उठून उभा राहिला. पंचफुलाबाई मांडवाबाहेर रस्त्याच्या कडेला होती. (मांडवात येऊ नको असं तिला कुणीही म्हणालं नव्हतं. 'ये' असंही कुणी म्हणालं नव्हतं.) सगळं शांत झालं आणि तिने मुलाला हाक मारली. सांजच्याला पोर जेवायला यावं म्हणून मारतात, तशी. नाव घेऊन.

स्तब्धता भंगली. भंगली की पहिल्यापासून, असा हेडमास्तरांचा नियम. पुन्हा सुरू केली. पुन्हा हाक. दोन पोरं तिला धरायला धावली; तेवढ्यात वस्तीतल्या बाया तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनीही हाका मारायला सुरुवात केली. हेडमास्तर घड्याळ हातात धरून पहिल्यापासून, पहिल्यापासून करत राहिले. उन्हं उतरली. म्हातारी माणसं उभ्या उभ्या डुलायला लागली. मुंबईच्या आईसाहेबांची गाडी चुकली आणि त्यांची मुक्कामाची सोय पाटलांना करावी लागली. शेवटी शिवाप्पांनी स्तब्धता पाळली गेली असं गृहीत धरून सभा संपवली.

या प्रकारामुळे एक गोष्ट मात्र झाली. गावातल्या लहानथोरांना ते नाव आता तोंडपाठ आहे. विहिरीवर कुणीतरी चुकून ते घेतं, मग सगळे गप्प होतात. दगडावर अर्थातच 'दादासाहेब पाटील' आहे आणि राहील.

समितीवर टीका करणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे, की आम्ही वेगळं काय केलं? सुज्ञ वाचकहो, आपण हा खुलासा इथवर वाचलात. दादासाहेबांसाठी हळहळलात, त्यांच्या आईसाठी बहुधा जास्तच हळहळलात, आमचा रागही आला असेल. पण पोराचं नाव काय होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. आपण यावं, आपल्याला अनुभव आहे.