ताप उतरला का?

मुलांना इंटरनेटवर कसं सांभाळायचं हे कुणाला विचारावं, तर बद्रीनाथला! हडपसरच्या कंपनीत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, आणि वारज्याला घरी पोचेपर्यंत गडी तज्ज्ञ झालेला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने जाहीर करून टाकलं की रविवारी सगळ्या पालकांनी हॉलमध्ये जमावं. अनोळखी माणूस मुलांना किती सहज गुंडाळतो, हे तो पुराव्यानिशी दाखवणार आहे. पुरावा कुठून आणणार, असं बायकोने, नम्रताने, विचारलं. तो नुसता हसला.

पुरावा घरातच होता. चौदा वर्षांची लेक, उत्कर्षा! कुठल्यातरी मुलीच्या नावाने खोटं खातं उघडायचं, लेकीशी मैत्री करायची, आणि ती फसली की ते पडद्यावर दाखवायचं. आता बापाने असं करावं का, हा प्रश्न तुम्हाला-मला पडतो, तज्ज्ञांना पडत नाही. खात्याला नाव दिलं अवनी. पण फोटो? जिवंत मुलीचा फोटो असा वापरला तर पोलीस दारात येतात, हे प्रशिक्षणात बजावलेलं. म्हणून त्याने जुन्या पेटीतून मालनमावशीचा फोटो काढला. मालन ही त्याच्या आईची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी तापाने गेली, याच्या जन्माच्या कितीतरी आधी. तिला कोण ओळखणार!

फोनमधल्या ॲपने त्या काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरले, आणि वर कुणी सांगितलं नसताना तिच्या पापण्याही हलवल्या. मेलेली मावशी त्याच्याकडे बघून हसली. भर दुपारी बद्रीनाथच्या अंगावर काटा आला. तरी खातं उघडलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्वेस्ट पाठवली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती स्वीकारलेली! लेक एवढी भोळी निघाली याचं त्याला वाईट वाटलं, आणि पुरावा मिळाला याचा आनंदही झाला. कँटीनमध्ये एका हातात पोळी धरून त्याने लिहिलं, "कशी आहेस?"

"बरी आहे. तू नाव का बदललंस, मालन?"

पोळी ताटात पडली. तो उत्तर शोधतोय तोवर पुढची ओळ आली.

"ताप उतरला का?"

आता विचार करा. उत्कर्षा शाळेत. शाळेत फोन चालत नाही, म्हणून तिचा फोन घरी. नम्रता नोकरीवर. घरी फक्त आई, गोदाबाई, आणि तिला तर स्वतःचा फोन वाजला की तो उचलायचा कसा, हे दर वेळी नव्याने सांगावं लागे. मग लिहितंय कोण? मालन हे नाव तर लेकीलाही माहीत नव्हतं. त्याने आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. घरात आईसोबत कुणीतरी आहे, या विचाराने तो तसाच रजा मागायला धावला. साहेबांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून तो म्हणाला, मावशीला ताप आहे. साहेबांनी काळजी घ्यायला सांगितलं.

रिक्षा स्वारगेटला अडकली. चारी बाजूंनी हॉर्न, आणि हातातल्या फोनवर एकेक ओळ उमटत होती. दार उघडं ठेवलंय. चौथा मजला, पाटी आहे. सूनबाई सहाशिवाय येत नाही. तुझ्या आवडीचा सांजा केलाय. आणि मग, उशीर करू नकोस, मी तरी आता किती दिवस थांबणार.

दार खरंच उघडं होतं. घरात तुपाचा वास आणि कमालीची शांतता. स्वयंपाकघरात दोन ताटल्या वाढलेल्या, आणि एकीपुढे ठेवणीतलं लुगडं नेसून आई बसलेली. उत्कर्षाचा फोन तोंडाशी धरून ती हळू आवाजात बोलत होती, आणि बोललेलं आपोआप टाइप होत होतं. नातीनेच शिकवलेलं.

नातीने सगळं नियमाला धरून केलं होतं. अनोळखी रिक्वेस्ट आली की घरातल्या मोठ्या माणसाला दाखवायची, हा बद्रीनाथचाच नियम. मोठं माणूस म्हणजे आपण, असं त्याने आपलं गृहीत धरलं होतं. पोरीने शाळेला जाण्याआधी सरळ सगळ्यांत मोठ्या माणसाला दाखवली! आजी म्हणाली, अनोळखी कुठली, ही तर आपली मालन, घे तिला. पोरगी फसलीच नाही. पत्ता, मजला, घरात कोण कधी नसतं, हे सगळं पंचाहत्तरीच्या गोदाबाईंनी स्वतःहून सांगितलं होतं.

बद्रीनाथ समोर बसला. मालनला ताप भरला तेव्हा लहानग्या गोदाला मामाकडे धाडलं होतं, हे त्याला ऐकून माहीत होतं. परत आली तेव्हा बहीण नव्हती, आणि कुणी काही सांगितलंही नव्हतं. आता खरं बोललो तर मावशी दुसऱ्यांदा मरणार, आणि तीही माझ्या हातून, या विचाराने त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

"आई, तो मी आहे," तो म्हणाला.

गोदाबाईंनी दुसरी ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"मालन नाही एवढं कळतं मला. पण विचारायचं राहून गेलं होतं रे. चेहरा दिसला, विचारून घेतलं." मग त्यांनी फोन पुढ्यात ठेवला. "उत्तर दे आता."

त्याने आपल्या फोनवर लिहिलं, उतरला. आईने ते वाचलं, डोळे पुसले आणि सांजा खायला घेतला. खाता खाता म्हणाली, रोज दुपारी लिहीत जा, या वेळी घरात चिटपाखरू नसतं.

रविवारची सभा तांत्रिक कारणाने रद्द झाली. सुरक्षिततेचे तज्ज्ञ आता रोज कँटीनमध्ये कोपरा धरून मेलेल्या मावशीच्या नावाने आईशी बोलायला लागले. एका शनिवारी मात्र ऑडिटमुळे लिहायचं राहिलं. संध्याकाळी अपराध्यासारखं त्याने खातं उघडलं. मालन दुपारभर लिहीत होती! चिंचा, मामाच्या परसातला झोका, तुटलेली पाटी. यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईने तर शेवटी लिहिलं होतं, आज अगदी तुझ्यासारखी बोललीस.

"मी लिहिलं ते, घरच्या कॉम्प्युटरवरून," मागून उत्कर्षा म्हणाली. "आजीनेच सांगितलेल्या गोष्टी आहेत. तुम्ही लिहिलं नाहीत की ती दारापाशी जाऊन बसते. आणि बाबा, पासवर्ड म्हणून माझी जन्मतारीख? कुणीही शिरेल."

बद्रीनाथने निमूटपणे पासवर्ड बदलायला घेतला. नवा काय ठेवावा, हे मात्र लेकीलाच विचारावं लागलं.